पिनकोड टाकला की कानडी

या कामासाठी धाकट्या बहिणीचं नाव मीच सुचवलं होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं आमच्या घरात सगळे असं बोलायला लागले की काम तिचं आहे आणि मी तिला हातभार लावते.

बेळगावच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवत होते. मराठीच्या तुकड्या वर्षागणिक रोडावत गेल्या. शेवटी उरलेल्या दोन तुकड्यांची एक झाली आणि मुख्याध्यापकांनी मला बसवून, चहा देऊन, फार गोड शब्दांत सांगितलं की जूनपासून त्रास घेऊ नका. घरी बसून करण्यासारखं काही मिळतंय का हे शोधता शोधता भाषांतराचं काम हाती आलं. बेंगळूरची एक कंपनी होती, ऑनलाइन दुकान चालवणारी. भांडी, चादरी, मिक्सर, लहान पोरांचे कपडे, असलं सगळं. इंग्रजीतली वेबसाइट त्यांना आणखी काही भाषांत करून हवी होती. माझ्या वाट्याला मराठीचा शेवटचा टप्पा आला. म्हणजे गिऱ्हाइकानं वस्तू पसंत केल्यावर जी पानं येतात ती: पिशवीत काय काय आहे, पत्ता कुठला, पैसे कसे देणार, आणि शेवटचं बटण. त्या बटणावर बोट ठेवलं की वस्तू तुमच्या घराकडं निघाली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात भाषांतर ते काय करायचंय! 'प्रोसीड टू चेकआउट' याला मराठीत काय म्हणायचं, यावर मी एक अख्खी दुपार घालवली आहे. 'पुढे चला' लिहावं तर एसटीचा कंडक्टर ओरडल्यासारखं वाटतं. 'खरेदी पूर्ण करा' लिहावं तर ते बटणात मावत नाही. 'खरेदी पूर्' इथंच तुटतं, आणि ते तुटकं बटण बघून मला शाळेतल्या एखाद्या पोराच्या वहीवर लाल रेघ मारावीशी वाटायची. पण मजा यायची. इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेले धडे शिकवले होते. आता माझा शब्द कुठल्या तरी बाईच्या हातातल्या मोबाइलवर जाणार होता आणि तो वाचून ती पुढचं पाऊल टाकणार होती.

मग एके दिवशी कंपनीतल्या मॅडमचा फोन आला. या मॅडम सगळ्या भाषांचं काम बघायच्या. आमच्याशी हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलायच्या. कन्नडचं काम करणारा मुलगा सोडून गेला होता. "तुमच्या बेळगावात दोन्ही भाषा येणारे खूप असतात ना? कुणी आहे का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आहे की. माझी बहीणच आहे."

*

आम्ही मूळच्या निपाणीच्या. वडील, म्हणजे आमचे अण्णा, तंबाखूच्या वखारीत कारकून होते. मला त्यांनी मराठी शाळेत घातलं, त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं, घरात सगळे मराठी शाळेतच शिकलेले. पण धाकटीची शाळेत जायची वेळ आली तोवर घराच्या कागदांसाठी अण्णांना चिकोडीच्या कचेरीत इतके हेलपाटे पडले होते की एक दिवस पायातल्या चपला काढता काढताच ते म्हणाले, "घरात एकाला तरी कानडी वाचता आलं पाहिजे. हिला कानडी शाळेत घालूया." धाकटी कानडी शाळेत गेली.

दोनतीन वर्षांतच ती घराची वाचणारी झाली. विजेचं बिल आलं की ते तिच्याकडं. बसची पाटी तीच वाचायची. आणि चिकोडीला जायचं झालं की अण्णा तिला सोबत न्यायचे. खिडकीजवळ बसून ती जायची, कचेरीतल्या पाट्या अण्णांना वाचून दाखवायची आणि परत आली की तोंडाला लोण्याचा वास यायचा. तिथल्या हॉटेलात अण्णा तिला डोसा खायला घालायचे. वर्गात पहिला नंबर माझा. पण मी घरी आईबरोबर जोंधळे निवडत बसायची. मी एकदा अण्णांना म्हणाले, "मलाबी न्या की." तर ते म्हणाले, "तू येऊन काय करणार गं तिथं?"

त्यांना कुणाला दुखवायचं नव्हतं. खरंच काही करण्यासारखं नव्हतं माझ्याजोगं तिथं. म्हणूनच ते लागलं.

आता धाकटीही बेळगावातच असते, वडगावात. मच्छे गावातल्या एका कारखान्यात ऑफिसात काम करते, कामगारांच्या हजेऱ्या आणि रजा बघते. भाषांतर तिनं कधी केलेलं नव्हतं. मॅडमनी तिला नमुन्याचं पान दिलं, तिनं ते कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत करून पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी ती आमच्यात आली.

*

आमची आठवड्याला एक बैठक असायची, कॉम्प्युटरवरच. प्रत्येक भाषेची एक चौकट आणि चौकटीत एकेक चेहरा. धाकटीची ती पहिलीच बैठक होती. कारखान्यातून आल्या आल्या बसली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच.

त्या दिवशी रिकाम्या पिशवीची चर्चा होती. गिऱ्हाइकानं काहीच निवडलेलं नसताना पिशवी उघडली तर काय दिसावं? इंग्रजीत होतं, तुमची कार्ट रिकामी आहे. मी लिहिलं होतं, 'आपली पिशवी रिकामी आहे.' 'कार्ट' काढून 'पिशवी' घालावी यासाठी मी आधीच्या बैठकीत भांडले होते आणि ते मान्य झालं होतं. ती पिशवी मला माझीच वाटत होती.

मॅडमनी धाकटीला विचारलं, "कन्नडमध्ये काय केलं?"

धाकटी म्हणाली, "इन्नू एनू तगोंडिल्ला?"

म्हणजे, अजून काही घेतलं नाही? आमच्याकडं बाजारात कुठलीही भाजीवाली असंच विचारते. मॅडम मोठ्यानं हसल्या. "हेच! असंच पाहिजे मला," त्या म्हणाल्या. "दुकानदार बोलतोय असं वाटलं पाहिजे. सगळ्यांनी ऐका, रिकाम्या पिशवीचं वाक्य आता असंच."

दुसऱ्या दिवशी फाइल आली. मूळ इंग्रजी वाक्यच बदललं होतं, धाकटीच्या वाक्यावरून. आणि माझ्या रकान्यात माझी 'आपली पिशवी रिकामी आहे' खोडून पुढं लिहिलेलं होतं की नव्या वाक्याप्रमाणं पुन्हा करावं. मी 'अजून काही घेतलं नाही?' असं लिहून पाठवलं. आयुष्यभर जिच्या कानडी शाळेची मी चेष्टा केली, तिच्या कानडीचं भाषांतर मी केलं.

संध्याकाळी तिचा फोन आला. "आक्का, मी बरी बोलले का गं मीटिंगमध्ये?"

"बरी बोललीस."

"आवाज असा का तुझा? चिडलीस?"

"मी कशाला चिडू?"

फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. ती इतकी आदळत होती की आमचे हे बाहेरच्या खोलीतून बघायला आले आणि तसेच परत गेले.

*

तिथनं पुढं मी तिच्या रकान्यावर नजर ठेवायला लागले. सगळ्या भाषांची एकच मोठी फाइल होती. माझा रकाना आणि तिचा रकाना शेजारी शेजारी. मॅडमना वाक्य आवडलं की त्या तिथं हिरवी खूण करायच्या. माझ्या खुणा किती, तिच्या किती, हे मी मोजायची नाही असं ठरवलं होतं. पण हिरवा रंग डोळ्यांत भरतोच. पत्त्याच्या पानावर तर तिचा रकाना कुरणासारखा दिसत होता.

कानडी मला बोलता येतं, बाजारापुरतं. वाचायला मी बसच्या पाट्यांवरून शिकले, तेही लग्नानंतर. त्यामुळं तिची वाक्यं मी अक्षर अक्षर लावून वाचायची, पहिलीतल्या पोरासारखी, आणि तेही चूक सापडावी म्हणून. एकदा सापडली. वस्तू पाठवली आहे, या अर्थानं तिनं जो शब्द लिहिला होता त्यात 'रवाना' होता. मला आनंद झाला. हा तर आपल्याकडचा शब्द, कानडीत कसा? मी तिथं सगळ्यांना दिसेल अशी टीप लिहिली की कन्नडमध्ये मराठी शब्द आलेला दिसतो, कृपया तपासावे.

तिनं खालीच उत्तर लिहिलं. "आमच्यातही आहे तो शब्द, आक्का." पुढं हात जोडलेलं चित्र.

तिनं बरोबर लिहिलं होतं, शब्द दोन्हीकडं चालतो. पण मला त्याचं काही वाटलं नाही. मला बोचलं ते 'आमच्यातही'. एकाच ताटात जेवलेल्या आम्ही. ही 'आमच्या'तली कधीपासून झाली आणि मी कुणातली? आणि सगळ्यांसमोर 'आक्का' म्हणाली ती. त्यानंतर बंगाली करणाऱ्या बाईपासून तेलुगू करणाऱ्या मुलापर्यंत सगळे मला आक्काच म्हणायला लागले. मॅडमसुद्धा. कन्नडवाल्या ताईंची आक्का.

*

शेवटी पानं सुरू झाली. मी ठरवलं होतं की पहिल्यांदा आईला दाखवायचं. आई निपाणीत एकटी राहते, अण्णा गेल्यापासून. तिच्या कुकरची शिट्टी झाली की झाकणाच्या कडेनंही वाफ निघायची, नवा घ्यायचा असं ती बरेच दिवस म्हणत होती. कंपनीनं आम्हा भाषांतरवाल्यांच्या खात्यात थोडी रक्कम टाकून दिली होती, स्वतः काहीतरी मागवून पानं नीट चालतात का बघा म्हणून. म्हटलं, आईला त्या रकमेतूनच कुकर घेऊन द्यावा. एका रविवारी सकाळची बस धरली. संकेश्वराजवळ उसाच्या ट्रॅक्टरांमागं बस रखडली, पण माझा मूड चांगला होता. धाकटीला मी कळवलं नव्हतं.

आईनं चष्मा लावला, पदरानं मोबाइल पुसला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मी वेबसाइट उघडली, मराठी निवडली, माझं खातं चालू केलं. आई एकेक अक्षर वाचत होती. "स्वयंपाकघर... भांडी... हे तू लिवलंयस?"

"हे दुसऱ्या एका बाईचं. थांब, पुढं माझं येतंय."

कुकर निवडला. पिशवीत टाकला. पुढच्या पानावर पत्ता आणि पिनकोड मागितला. मी निपाणीचा पिनकोड टाकला. पान एकदा लुकलुकलं आणि सगळं कानडी झालं.

"हे काय झालं गं?" आई म्हणाली.

"काही न्हाय, थांब." मी मागं गेले, पुन्हा मराठी निवडली, पुन्हा पिनकोड टाकला. पुन्हा कानडी. तिसऱ्यांदा तेच. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ज्यानं कुणी हे बांधलं होतं त्यानं पिनकोडावरून राज्य आणि राज्यावरून भाषा अशी सरळ रेघ ओढली होती. कर्नाटकातला पिनकोड असला की कन्नड. गिऱ्हाइकानं आधी काय निवडलं होतं ते गेलं पाण्यात. आईला म्हटलं, माझं मराठी हितं न्हाय, तिकडं कोल्हापूरकडं दिसणार.

आईनं पडद्याकडं जरा वेळ बघितलं. तिला कानडी वाचता येत नाही, पण ती अक्षरं कुणाची हे तिला लगेच कळलं. "हे धाकटीचं व्हय?"

"व्हय."

"मग ऱ्हाऊ दे की. घरातलंच हाय." आणि मी काही बोलायच्या आत ती मोबाइल घेऊन दारात गेली. शेजारची काकू कट्ट्यावर बसली होती. "बघा वं, हे आमच्या धाकटीनं लिवलंय. मोबाइलात."

काकूनं लांबूनच डोळे बारीक करून बघितलं. "आणि थोरलीनं?"

"थोरलीबी करती की. मराठीतलं. पर ते हितं दिसत न्हाय, तिकडं दिसतंय म्हणं, कोल्लापुराकडं."

मी आत बसून हे ऐकत होते. माझ्या गावात, माझ्या आईच्या मोबाइलवर माझा एक शब्द दिसत नव्हता आणि धाकटीचा दिसत होता. अण्णांनी जिला चिकोडीला नेलं तीच इथंही आईच्या दारापर्यंत पोचली होती. मला रडू येईल असं वाटलं. पण रडायच्या आधी डोक्यात कागलची मावशी आली.

कागल आमच्या निपाणीपासून बसनं थोड्या वेळाच्या अंतरावर, पण महाराष्ट्रात. तिथं आईची धाकटी बहीण असते. मी आईला आत बोलावलं. "मावशीचा पत्ता सांग."

"तिला कशाला कुकर?"

"सांग तर."

कागलचा पिनकोड टाकला. पान मराठीच राहिलं. मी मोबाइल आईच्या हातात दिला. "हं, आता वाच."

आई बोट ठेवून वाचायला लागली. "वस्तू... कुठं... पोचवायची?" पुढचं पान. "पैसे कसे देणार?" ती वाचत होती आणि मी तिच्या ओठांकडं बघत होते. शाळेतल्या कुठल्याही मुलाचं वाचन मी इतकं कान देऊन ऐकलं नसेल. मग शेवटचं बटण आलं. या बटणासाठी मी लांबलचक तीन शब्द टाकून देऊन एकच ठेवला होता. मला तो फार आवडायचा.

"मागवा," आईनं वाचलं. "हां. हे बरं हाय." आणि तिनं ते दाबलं.

मला फक्त दाखवायचं होतं. दाबायच्या आधी मी मोबाइल काढून घेणार होते आणि मावशीचा पत्ता खोडणार होते. पण तिला माझा शब्द 'मागवा' म्हणाला आणि तिनं मागवला. रद्द करता आलं असतं. पण पडद्यावर लगेच पुढचं वाक्य आलं, 'मागवलं! लवकरच पोचेल', तेही माझंच, आणि आई ते वाचून हसली. मी म्हटलं, असू दे. आल्यावर कागलहून घेऊन येऊ.

*

कुकर कागलला पोचला आणि त्याच दिवशी मावशीचा आईला फोन आला. ती रडत होती. एवढ्या वर्षांत कुणी तिला घरी काही पाठवलं नव्हतं. थोरल्या बहिणीनं न सांगता कुकर पाठवला, तोही नवा, खोक्यातून, हे तिनं गल्लीभर सांगितलं होतं. लगेच त्यात डाळ लावली होती आणि पहिल्या वाफेला बहिणीची आठवण काढली होती.

आईनं फोन ठेवला आणि मला केला. "आता काय सांगायचं तिला? सांग, चुकून पाठीवला?"

"नको सांगू."

"न्हाय सांगत. बरं झालं म्हणा एका अर्थी. पर माझा कुकर?"

ही गोष्ट धाकटीला कळायला वेळ लागला नाही. आई तिच्याशी रोज बोलते. शनिवारी संध्याकाळी धाकटी कारखान्यातून थेट माझ्याकडंच आली. दारातच हसत सुटली. "मावशीनं डाळ लावली म्हणं! आक्का, तू धन्य आहेस." मीही थोडी हसले. मग तिनं विचारलं, "पण तू कागलचा पत्ता टाकलासच का?"

मी पिनकोडचं सांगितलं. शक्य तितक्या कोरड्या आवाजात. आई मोबाइल घेऊन दारात गेली, काकूला दाखवलं, हेही सांगितलं. ते सांगायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "तुझं सगळ्यांना दाखवत होती आई. माझं बघायला कागलला जायचं आता लोकांनी."

धाकटीचं हसू गेलं. ती जरा वेळ गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत बसली.

"तुझं आईनं वाचलं ना?" ती म्हणाली.

"वाचलं."

"मोठ्यानं?"

"व्हय. बोट ठेवून."

"माझं तिनं कधी वाचलंय, आक्का? ती माझं दाखवती. वाचत न्हाय. तिला येतच न्हाय." मग ती थांबलीच नाही. "तुला आठवत नसेल. तू दिवाळी अंकातली गोष्ट वाचून दाखवायचीस, तवा आई भाकरी थापता थापता थांबायची. तव्यावरची करपायची, पर ती ऐकत बसायची. मी माझं कानडी पुस्तक काढून वाचायला लागले की म्हणायची, शाब्बास, ठेव आता आत. मी काय वाचलं हे तिला कधी कळलंच न्हाय. मग मी पाट्या वाचायची, बिलं वाचायची. तेवढंच लागायचं तुम्हाला माझ्याकडनं."

"अण्णा तुला डोसा खायला घालायचे," मी म्हणाले.

"ते कचेरीतल्या बाबूला काय विचारायचं ते माझ्याकडनं पाठ करून घ्यायचे अख्खी वाट. चुकले तर बाबू अण्णांना हसायचा आणि अण्णा मला काही बोलायचे न्हाईत, नुसते गप्प बसायचे. डोसा घशाखाली उतरायचा न्हाय."

तिचे डोळे भरले होते. मोठ्या बहिणीनं अशा वेळी जवळ घ्यावं. मी घेतलंही. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला जे वाटत होतं ते दुःख नव्हतं. मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं हिलाही माझा हेवा वाटत होता, त्या करपलेल्या भाकरीचा, हे ऐकून आत कुठंतरी गार वाटलं. ते तिला दिसू नये म्हणून मी चहा ठेवायला उठले.

*

पिनकोडचा घोळ मी निपाणीहून आल्या आल्याच मॅडमना कळवला होता. त्यांचं उत्तर फार सभ्य होतं. नोंद घेतली आहे, पण तुमच्या भागात भाषेचा विषय नाजूक आहे, त्यामुळं घाई नको. मी समजले. बेळगावची बाई मराठीचं काही मागते म्हटल्यावर त्यांना मोर्चे आणि बंद दिसले असणार. मी तर फक्त आईला कुकर घेऊन देत होते.

पुढच्या बैठकीत धाकटीनं ओळखपत्र काढून बाजूला ठेवलं आणि मॅडमशी कन्नडमध्ये बोलायला लागली. मला सगळं कळलं. ती म्हणाली की माझी आई निपाणीत असते, तिला कन्नड वाचता येत नाही, पिनकोड टाकला की तिचं पान बदलतं आणि ती तिथूनच परत फिरते. असे खूप लोक असतील. एकदा निवडलेली भाषा शेवटपर्यंत राहिली पाहिजे. मॅडम म्हणाल्या, अरे, हे तर गिऱ्हाइकाचं नुकसान आहे, लगेच दुरुस्त करायला सांगते. आणि सांगितलं. पुढच्या बैठकीआधी झालंही.

मी बोलले तेव्हा तो सीमाप्रश्न होता. ती बोलली तेव्हा गिऱ्हाइकाची अडचण झाली. तिनं माझ्यासाठी केलं हे मला माहीत होतं. मॅडमनी तिचे आभार मानले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यासारखे हात हलवले. मीही हलवले. माझे शब्द माझ्या गावात पोचले होते, तेसुद्धा तिनं पोचवले म्हणून.

आई आता मराठी पानावरून मागवते. कुकर आला, मग एक चाळणी आली, मग अंगणात टाकायला चटई. काकूलाही तिनं शिकवलं. मी गेले की सांगते, "तुझं मागवा दाबलं काल." आणि पुढं जोडतेच, "धाकटीनं सांगितलं म्हणून मराठी झालं म्हणं." मी म्हणते, "व्हय."

सध्या वस्तू परत करायच्या पानांचं काम चालू आहे. धाकटी रविवारी सकाळी माझ्याकडं येते आणि जेवणाच्या टेबलावर आम्ही समोरासमोर बसून करतो. परवा परत पाठवण्याचं कारण विचारणारी वाक्यं करत होतो. रंग वेगळा आला, माप चुकलं, असली कारणं. 'आता नको वाटतंय' या अर्थाचं एक वाक्य होतं. मी तीनचार तऱ्हेनं लिहून बघितलं, एकही बसेना. कुठलंही लिहिलं तरी रुसलेल्या सुनेसारखं वाटायचं.

"तू काय केलंस?" मी विचारलं.

तिनं कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. दोनच शब्द होते, अगदी साधे, आणि चपखल. मी अक्षर लावून वाचले. मग पुन्हा वाचले.

"बरं हाय?" तिनं विचारलं.

"बरं हाय," मी म्हणाले. "जरा वेळ तसंच ठेव, मला माझं करू दे." आणि तिनं माझ्या रकान्याकडं बघू नये म्हणून मी माझा कॉम्प्युटर थोडा तिरका करून बसले.